पांढरं लाकूड

आमच्या घरात मोजायच्या दोन पट्ट्या होत्या आणि त्यांतली एक मुद्दाम चुकीची केलेली होती. बाबा साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये पॅटर्नमेकर होते. हा धंदा आता समजावून सांगावा लागतो. यंत्राचा एखादा भाग ओतायचा असला की आधी तो हुबेहूब लाकडात करायचा, तो वाळूत दाबून साचा उमटवायचा आणि त्या साच्यात वितळलेला धातू ओतायचा. धातू थंड होताना आकसतो, म्हणून लाकडाचा नमुना खऱ्या मापापेक्षा थोडा मोठा करावा लागतो. दर वेळी गणित मांडत बसायला नको म्हणून या लोकांची पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा इंच आपल्या इंचापेक्षा केसभर मोठा. लोखंडासाठी वेगळी पट्टी, पितळेसाठी वेगळी. पितळ जास्त आकसतं, फुटाला दीड सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. वर्कशॉपमध्ये तिला श्रिंकेजची पट्टी म्हणत. बाबांच्या पेटीत पितळेसाठीची, पोलादी पट्टी असे. दुसरी, साधी लाकडी फूटपट्टी, घरच्या कामाला खिळ्यावर टांगलेली असे. दोन्हींवर आकडे सारखेच, एक ते बारा. आयुष्यात पुढे मला बरीच मोठी माणसं भेटली ज्यांच्या पट्टीवरचे आकडे आपल्यासारखेच होते पण इंच मोठा होता. तेव्हा मला बाबांच्या पेटीची आठवण येई.

कारखाना श्रीरामपूरपासून सायकलच्या अंतरावर. गळीत सुरू झालं की मळीचा वास कपड्यांत, केसांत, भाकरीत शिरे, आणि गळीत संपलं की चार दिवस काहीतरी चुकल्यासारखं वाटे. भोंगा दिवसातून तीनदा होई. वर्कशॉपमध्ये त्या भोंग्यापेक्षा वेगळं पंचांग चाले. शुक्रवारी दुपारी मोल्डर हुसेनचाचा नमाजाला जात. शनिवारी आमचे बाबा नसत, कारण आमचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस. रविवारी फिटर मंडळी चर्चला. सोमवारी सगळे हजर असत तेव्हा वीज नसे. तरीही साखर निघे, आणि वर्षाच्या शेवटी ती कुणी काढली याचा मान भलताच माणूस हार घालून घेई.

कॉलनीत आमचं बेने इस्राएलांचं, म्हणजे मराठी ज्यूंचं, एकच घर. शेजारपाजारच्यांना आम्ही नक्की कोण हे कधी उमगलं नाही. मुसलमान असतो तर शुक्रवार पाळला असता, ख्रिस्ती असतो तर रविवार. "शनवार पाळत्यात म्हंजे मारुतीचं आसंल," असा एका बाईंनी निकाल लावला होता आणि आईने तो मान्य करून टाकला होता. तिला वादाचा कंटाळा असे. शुक्रवारी संध्याकाळी ती काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून त्यांचं सरबत करी. वाइन कुठून आणणार? त्या सरबतावर बाबा आशीर्वाद म्हणत आणि आम्ही एकेक घोट घेत असू. मांसाचं जेवण क्वचित. शास्त्राप्रमाणे कापणारा माणूस पुण्याला, तेव्हा आमचा धर्म बराचसा वांग्या-बटाट्यावर टिकला. धरणातला मासा आला तर आई आधी खवलं बघे. खवलं नसलेला मासा आमच्यात चालत नाही. कोकणातल्या आमच्या पूर्वजांना म्हणे एका परदेशी व्यापाऱ्याने याच एका सवयीवरून ओळखलं होतं. तीन हजार वर्षांचा इतिहास आणि ओळख पटली ती मासे निवडणाऱ्या बायकांमुळे. समारंभात ही गोष्ट पुरुषच सांगतात.

आई फार चांगली शिवणारी नव्हती, पण सतत शिवत असे. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या, फाटलेले गणवेश, बाबांच्या कामाच्या पँटी. तिचे टाके एक लांब, एक आखूड, मध्येच दोन एकमेकांवर चढलेले. बाबांची थोरली विधवा बहीण, सिपोरा आत्या, आमच्याकडेच राहायची. अलिबागकडून आलेली, जिभेला धार. ती गोधडी उलटून बघायची आणि म्हणायची, "लिया, हे टाके आहेत गो, की बैलं उधळलीत?" आई म्हणायची, "पांघरल्यावर टाके कोण बघतंय, वन्सं?" मी पंधरा वर्षांची व्हायच्या आत आई कावीळ होऊन गेली. त्याबद्दल इथे एवढंच लिहिते. बाकीचं लिहायला मी अजून पुरेशी म्हातारी झालेले नाही.

ती गेल्यावर तीनेक महिन्यांनी रूबेनसाहेब जीपमधून आले. कस्टममधून निवृत्त झालेले, मुंबईचे, समाजाच्या एका समितीचे अध्यक्ष. नगरला कापडबाजाराच्या मागे एका घरात आमच्या लोकांची प्रार्थनेची खोली होती, तिचा जीर्णोद्धार समितीने हाती घेतला होता. खोलीला आमचे जुने लोक मशीदच म्हणत. नव्या लोकांना ते आवडत नसे. रूबेनसाहेबांनी आईबद्दल दोन वाक्यं बोलून घेतली आणि मग फाइल उघडली. आत परदेशी मासिकातून कापलेलं एक चित्र होतं. प्रचंड झाडाच्या खोडाची आडवी चकती, आणि तिच्या वलयावलयांतून कोरलेला ज्यू लोकांचा इतिहास. मधोमध पहिला पुरुष, मग गुलामी, समुद्र, मंदिर, आग, पांगापांग, असं बाहेर बाहेर येत.

"अबामिस्त्री, तीन हजार वर्षं एका लाकडात!" रूबेनसाहेब म्हणाले. "आपल्या नगरच्या हॉलमध्ये असं का नको?"

बाबांनी चित्र उजेडात धरलं. "लाकूड कुठलं आहे?"

"लाकूड महत्त्वाचं नाही हो. कल्पना महत्त्वाची."

"कल्पनेला कीड लागत नाही, साहेब. लाकडाला लागते."

रूबेनसाहेब हसले. असं हसणं त्यांनी खात्यात कमावलं असावं. मग त्यांनी टाइप केलेली यादी काढली. सोळा प्रसंग. पहिला अब्राहाम, सोळावा 'समितीची स्थापना व पदाधिकारी'. चकती दोन फुटांची हवी, बरोबर चोवीस इंच, कारण मुंबईच्या एका दात्याने नक्षीदार गोल चौकट आधीच करायला टाकली होती. चौकट आधी आणि इतिहास नंतर, हा क्रम मला तेव्हा विचित्र वाटला होता. आता वाटत नाही.

बाबांनी हो का म्हटलं ते मला अनेक वर्षं कळलं नाही. आत्याच्या मते हातांना काम हवं होतं. लाकूड मात्र आपोआप चालून आलं. कारखान्यावर मंत्री यायचे होते, त्यांच्या स्वागताची कमान उभारायला मॅनेजरच्या बंगल्यापुढचं सागाचं जुनं झाड आड येत होतं. ते पाडलं. कमान चार तास उभी होती. खोडाचा एक बुंधा बाबांनी मॅनेजरकडून मागून घेतला आणि हुसेनचाचांनी बैलगाडीतून आमच्या दाराशी आणून टाकला.

"ह्ये घ्या मिस्त्री. मंत्र्यापायी मेलेलं झाड," चाचा म्हणाले. "शहीदच म्हना की."

दोघांनी करवतीने त्याची अडीच इंच जाडीची चकती कापली. मी वलयं मोजली. चौसष्ट. आतली वलयं ऐसपैस होती, झाड लहान असतानाची. बाहेर बाहेर ती दाटत गेलेली. कडेला शेवटची बोटभर जागा पांढरी. सागाच्या झाडात आतलं लाकूड पक्कं आणि कडेचं पांढरं, जिवंत, कच्चं असतं. सुतार ते पांढरं लाकूड टाकून देतो, कारण कीड त्यालाच लागते. बाबांनी एवढ्या वर्षांत पांढऱ्या लाकडाचा कपटासुद्धा कामात घेतला नव्हता. या वेळी त्यांनी ते काढलं नाही.

चकती कापल्यावर लगेच बाबांनी एक विलक्षण गोष्ट केली. कडेपासून थेट मध्यापर्यंत सरळ करवत घातली आणि ती गोल चकती एका रेषेत चिरून टाकली. मी ओरडलेच.

"आपण एका ठिकाणी चिरलं नाही," बाबा म्हणाले, "तर वाळताना ते स्वतः चार ठिकाणी चिरतं. कुठे ते मग आपल्या हातात नसतं."

मग दोन्ही बाजूंना शेण लिंपून चकती पडवीत, सावलीत ठेवली. एक उन्हाळा आणि एक पावसाळा ती तिथे होती. ती चीर हळूहळू उघडत गेली, पाचरीसारखी. आत्या येताजाता तिच्याकडे बघून म्हणायची, "बघ गो रिबका, आपला इतिहास आ वासतोय." दिवाळीच्या सुमाराला बाबांनी शेण धुऊन काढलं, चिंचेच्या लाकडाची काळसर पाचर घडवली आणि चिरेत ठोकून बसवली. चकती पुन्हा गोल झाली, फक्त मध्यापासून कडेपर्यंत एक गडद पट्टा राहिला. मी त्यानंतर इतिहासाची पुष्कळ पुस्तकं वाचली, कामच तसं होतं, ग्रंथालयात चौतीस वर्षं काढली. त्या पाचरीइतक्या प्रामाणिकपणे मधली रिकामी जागा दाखवणारं पुस्तक थोडंच सापडलं.

त्यानंतर चकती मापात आणायची होती. वाळून ती आकसली होती. साल काढल्यावर कानस फिरवण्याइतकंच काम उरेल असा बाबांचा अंदाज होता. त्यांनी मध्यावर खिळा मारला, दोरी बांधली आणि चष्म्यावरचा भुसा पुसत म्हणाले, "रिबका, पट्टी दे."

खिळ्यावरची फूटपट्टी तिथे नव्हती. भूमितीच्या पेपरासाठी मी ती शाळेत नेली होती आणि बाकाच्या खणात विसरले होते. मी हे सांगायला हवं होतं. मी बाबांच्या पेटीत हात घातला, हाताला लागली ती पट्टी दिली. बाबांनी ती घेतली, लावली, खूण केली. पंचवीस वर्षं जी पट्टी हातात होती ती हाताला परकी वाटण्याचं कारणच नव्हतं. तिच्यावर चोवीस भरले, आणि कडेला झाडाचं शेवटचं, आई गेली त्या वर्षाचं वलय अगदी पुरतं शिल्लक राहिलं.

कोरकाम चार महिने चाललं. कामावरून आल्यावर दिवेलागणीपर्यंत आणि रविवारी सकाळी, वर्कशॉप निम्मं बंद असे तेव्हा, घरच्या पडवीत. मधलं वलय रुंद म्हणून अब्राहामाला पाऊण इंच जागा मिळाली, त्याच्या उंटासकट. मंदिराला अर्धा इंच. कोकणच्या किनाऱ्यावर फुटलेलं जहाज आणि त्यातून वाचलेली सात जोडपी एका सुताच्या वलयात उभी करायची होती. बाबांनी ती मोहरीएवढी केली, तरी चौदाच्या चौदा मोजता येत. त्याच्यापुढे बाबांनी यादीत नसलेली एक गोष्ट घातली. तेलाचा घाणा. आमचे लोक कोकणात तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. समितीतल्या मोठ्या लोकांना ही आठवण नको असे. सोळावा प्रसंग, समितीची स्थापना, बाबांनी वलयात घेतलाच नाही. तो त्यांनी पाचरीवर कोरला. विचारलं तर म्हणाले, "तिथे जागा मोकळी होती."

सगळ्यात शेवटी कडेच्या पांढऱ्या वलयात, पूर्ण फेरी घालून, त्यांनी धावदोऱ्याचे टाके कोरले. एक टाका, एक फट, एक टाका, एक फट. बारीक, सारखे, शिवणाच्या वर्गात दाखवतात तसे. कुणालाही ती कडेची नक्षीच वाटली असती. मी पाहिलं आणि मला कळलं, आणि मला कळलं हे बाबांना कळलं. मी म्हटलं, "आईचे टाके असे नव्हते."

"नव्हते," बाबा म्हणाले. "पण हे चार लोकांसमोर जायचंय."

आत्या उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. एवढंच म्हणाली, "गेल्यावर तरी तिचे टाके सरळ आले."

समारंभ एका रविवारी होता. चकती आईच्याच गोधडीत गुंडाळून आम्ही एसटीने निघालो. बाबा, आत्या, मी आणि वजन उचलायला हुसेनचाचा. आत्याच्या मांडीवर मलिद्याचा डबा. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वेलची. कुठलंही शुभकार्य असलं की प्रेषित एलियाहू हन्नाबींच्या नावाने आम्ही मलिदा करतो. राहुरीपर्यंत चाचा डब्याकडे बघत होते, पुढे त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. कंडक्टरने गोधडीकडे बोट दाखवून विचारलं, "ह्यात काय हाय?"

"तीन हजार वर्सं हायेत," चाचा म्हणाले. "हाफ तिकीट दे."

खोली रंगवलेली होती. नव्या रंगाचा वास, नवे पडदे, संगमरवरी पाटीवर समितीची नावं. भिंतीवर मुंबईची चौकट लावलेली, वेलबुट्टीची, खाली दात्याच्या नावाची पितळी पट्टी. प्रार्थनेला किमान दहा पुरुष लागतात. बाबांसकट नऊ होते. दहावे गृहस्थ पुण्याहून निघाले होते आणि कुठेतरी रस्त्यात होते. रूबेनसाहेब तिसऱ्यांदा मोजत होते.

"मला धरून धा व्हत्यात," दारात टेकलेले चाचा म्हणाले. "टोपी बी हाय माज्याकडं. नाव बी मशीदच म्हनता नव्हं तुमी?"

सगळ्यात मोठ्याने बाबा हसले. रूबेनसाहेब हसले नाहीत. त्यांनी चकतीवरची गोधडी काढायला सांगितली. क्षणभर मात्र त्यांचाही चेहरा उघडा पडला. ते वाकून बघत राहिले, एकेक वलय बोटाने फिरत. घाण्यापाशी बोट थांबलं. "हे काय?"

"खांब आहे. मंदिराचा," बाबा म्हणाले. आयुष्यात त्यांना मी खोटं बोलताना पाहिलं ते एवढंच.

मग चकती उचलली, चौकटीला लावली, आणि ती आत गेली नाही.

आधी सगळ्यांना वाटलं तिरकी बसतेय. फिरवून पाहिली. पुन्हा लावली. बाबांनी ती खाली ठेवली, चौकटीच्या आतल्या कडेवरून बोट फिरवलं, मग पेटीतून पट्टी काढली. लावली. चोवीसला तीन सूत कमी. त्यांनी पट्टी उलटी करून बघितली, तिच्या टोकाला बारीक अक्षरात कोरलेलं श्रिंकेजचं माप बघितलं, आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. काहीतरी वाचून संपल्यावर माणूस बघतो तसं.

"चकती तीन सूत मोठी आहे," ते म्हणाले. "माप चुकलंय. माझं."

पट्टी मी दिली होती, एवढं सांगायचं होतं. ते सांगायचं राहिलं. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयापेक्षा वीस वर्षांनी मोठी आहे, आणि ते अजून राहिलंच आहे.

"चौकट आतून तासून देतो," बाबा म्हणाले. "अर्ध्या तासाचं काम आहे."

"छे छे! चौकटीला हात नाही लावायचा," रूबेनसाहेब घाईने म्हणाले. "ती दिलेली वस्तू आहे, दाते स्वतः येतायत, पुण्याच्या पाहुण्यांच्याच गाडीतून. आणि मिस्त्री, कडेला काय आहे तुमच्या? नुसती नक्षी तर आहे. तेवढी काढून टाका. एकही प्रसंग जात नाही त्यात. मी बघितलंय."

त्यांनी खरोखर बघितलं होतं. दोन बाजूंनी दीड दीड सूत, म्हणजे कडेची दोन वलयं. अब्राहाम, मंदिर, जहाज, समिती, सगळं आत सुरक्षित राहत होतं. त्या खोलीत आमचे आणखी सात पुरुष होते आणि एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही, वाटायचं कारणही नव्हतं. मी बाबांकडे बघत होते. एक वाक्य पुरे होतं. त्या वाक्यानंतर रूबेनसाहेबसुद्धा मागे सरले असते, ते वाईट माणूस नव्हते. पण ते वाक्य म्हणायचं तर आईला तिथे, ताज्या रंगाच्या वासात, दात्याच्या पाटीखाली उभं करावं लागलं असतं. मग तिच्यावर दोन शब्द बोलले गेले असते. बहुधा त्यांची पाटीही झाली असती.

हुसेनचाचा पुढे आले. त्यांना सगळं ठाऊक होतं, टाके कोरताना ते पडवीत बसलेले असत. "अबा," ते हळू आवाजात म्हणाले, "उचल. चल घरी. ऱ्हाऊ दे ह्यांची चौकट मोकळी."

आत्याने डबा खाली ठेवला आणि तीही उठली.

बाबांनी पटाशी आणि कानस काढली. जमिनीवर मांडी घातली, गोधडी अंथरली, चकती तिच्यावर उभी धरली. "चाचा, धरा जरा," म्हणाले. चाचांनी धरली. ते तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होते, त्यात आमच्या समाजाबद्दल काही असावं. बाबांनी पटाशी लावली आणि पहिला कपटा उडाला. पांढरा, कुरळा, त्यावर दोन टाके.

दीड तास लागला. ते घाई करत नव्हते, हळूही करत नव्हते. रोज करतात तसं करत होते. लोक बाहेर जाऊन चहा पिऊन आले. दहावे गृहस्थ आणि दाते अजून आले नव्हते, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही. मी बाबांसमोर बसून कपटे गोळा करत होते, ओढणीत. रूबेनसाहेब म्हणाले, "राहू दे पोरी, झाडूवाली येईल." मी ऐकलं नाही. आत्या म्हणाली, "वेचू द्या तिला. कचरा आमचाच आहे."

गाडी आली, नवाचे अकरा झाले, चकती चौकटीत घट्ट बसली. प्रार्थना झाली. मग भाषणं झाली. तीन भाषणांत इतिहास होता आणि चौथ्यात नुसते आभार. कलाकार म्हणून बाबांच्या गळ्यात हार घातला, नाव मात्र चुकून सालोमन असं घेतलं. मलिदा सगळ्यांना आवडला. चाचांनी दोनदा घेतला.

परतीच्या बसमध्ये बाबा खिडकीशी बसले होते, रिकामी गोधडी मांडीवर. कोल्हार आलं. मग ते म्हणाले, "पांढरं लाकूड होतं ते. कीड लागलीच असती. मी ठेवायलाच नको होतं." आणि खिडकीबाहेर बघत, "साधी पट्टी कुठाय गं?"

"शाळेत," मी म्हटलं.

"आण उद्या."

एवढंच. पुन्हा कधी हा विषय निघाला नाही. बाबांनी ती पट्टी ओळखली नसेल हे कसं शक्य आहे, असं मला पुढे अनेकदा वाटलं. इतक्या वर्षांचा कारागीर, त्या पोलादी पट्टीचं वजन, तिचा गारवा. त्यांनी मुद्दामच चकती मोठी ठेवली असेल, म्हणजे ती बसू नये आणि घरी परत यावी, असाही एक तर्क मी लढवला. तो मला फार आवडतो. म्हणूनच मी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही.

पुढचं थोडक्यात. नगरची आमची घरं एकेक करून इस्राएलला गेली. खोलीत दहा पुरुष जमेनात, मग पाच जमेनात, मग घरमालकाने खोली परत घेतली. आत्या गेली, बाबा गेले, हुसेनचाचा गेले. कारखान्याच्या भोंग्याऐवजी आता मोबाईलवर मेसेज येतो. जिल्ह्याचं नावसुद्धा बदललं. पत्ता लिहिताना माझा हात अजून जुन्याच नावाकडे वळतो. कुणाला दुखवायचं नसतं, हात म्हातारा झालाय. मावसभाऊ तिकडच्या अशदोद शहरातून व्हिडिओवर बोलतो, दर वेळी विचारतो, "तू तिकडे एकटी काय करतेस?" मी म्हणते, शनिवार पाळते, तेवढं काम पुरतं.

मागच्या हिवाळ्यात नगरहून एक टेम्पोवाला आला. त्या घरमालकाच्या नातवाने घर पाडायला काढलं होतं. माळ्यावर एक वस्तू निघाली, तिच्या मागे चिकटवलेल्या चिठ्ठीवर कारखान्याचा पत्ता होता, तिथून विचारत विचारत ती माझ्यापर्यंत पोचली. नक्षीची चौकट आणि दात्याच्या नावाची पट्टी मुंबईला केव्हाच परत गेली होती. चकती राहिली होती. ती नेमकी कशाची आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. टेम्पोवाला म्हणाला, "मावशी, पोळपाट हाय का ओ ह्यो? लई मोठ्या घरचा दिसतोय."

ती आत आणून टेबलावर ठेवली. अब्राहाम धुळीने भरला होता, जहाज शाबूत, चौदा माणसं शाबूत, पाचरीवरची समिती पुसट. मग मी कपाटाच्या वरच्या खणातून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. त्या दिवशीचे कपटे त्यात होते. चाळीसहून अधिक वर्षं मी तो उघडला नव्हता. आत बोटभर पीठ होतं. पिवळट, मऊ, चाळल्यासारखं. एकही कपटा उरला नव्हता. बाबांचं म्हणणं बरोबर होतं. कीड लागलीच असती.

पाठीमागची चिठ्ठी खरवडून काढायला म्हणून मी चकती पालथी केली. आमच्यापैकी कुणीच ती बाजू कधी पाहिलेली नव्हती. घरी ती खाली असे, नगरला भिंतीकडे, आणि तासताना सगळ्यांचं लक्ष कडेवर होतं. चिठ्ठी निघाली, मग ओला फडका फिरवला, आणि लाकूड गडद झालं तसं काहीतरी वर आलं. मध्यापासून कडेपर्यंत, जिथे चिंचेची पाचर सागात ठोकलेली होती, तिच्या दोन्ही शिवणींवरून आडवे टाके कोरलेले होते. पाचरीच्या या बाजूने त्या बाजूला, फाटलेलं कापड जोडतात तसे. पक्क्या, आतल्या लाकडात. चकती त्याच दुपारी भिंतीवर गेली होती, तेव्हा हे आधीचंच काम. कामावर गेलेले बाबा, शाळेत गेलेली मी, झोपलेली आत्या, असं सगळं मी जुळवून पाहिलं. त्यांनी ते केव्हा केलं हे मला सांगता येणार नाही.

चष्मा लावून मी ते जवळून पाहिले. एक लांब, एक आखूड. मध्येच दोन एकमेकांवर चढलेले. एका ठिकाणी दोरा संपल्यासारखी जागा सुटलेली, आणि पुढे घाईघाईने, तिरके, पुन्हा सुरू.